सेसना १७२ च्या पंखाखाली छोटा कॅमेरा कसा लावायचा: जागा, क्लॅम्प, टेदर, सेटिंग सगळं

विमानाच्या आतून काचेतून घेतलेला व्हिडिओ आणि पंखाखालून घेतलेला व्हिडिओ यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पंखाखालून अख्खं विमान दिसतं, फिरता प्रोपेलर दिसतो, दाराच्या काचेतून पायलट दिसतो आणि उतरताना चाक धावपट्टीला टेकून धुराचा छोटा लोट उठतो तोही स्वच्छ दिसतो. त्यामुळे लायसन्स हातात पडलं की बहुतेकांना हे करून बघायचंच असतं. अमेरिकेत ट्रेनिंगला आलेली आपली मराठी मुलं तर हमखास विचारतात, दादा कॅमेरा बाहेर कसा लावायचा, कुठला माउंट घेऊ. दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट सगळं लिहून टाकतो.

मी न्यू जर्सीत क्लबच्या सेसना १७२ वर उडतो, त्यामुळे खाली जे आहे ते १७२ साठी आहे. वर पंख, त्याला खालून स्ट्रटचा म्हणजे तिरप्या दांड्याचा आधार, पंखाखाली टायडाउन रिंग. १५२ आणि १८२ ला बरंचसं तसंच लागू पडेल. पायपर चेरोकीसारखं खाली पंख असलेलं विमान असेल तर स्ट्रट नाही, कॅमेरा जमिनीच्या खूप जवळ येतो, तिथे वेगळा विचार करावा लागतो.

आणि एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाहेर लावलेला कॅमेरा हा त्या फ्लाइटपुरता विमानाचा भाग आहे. चाक, फ्लॅप आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) जसं तपासता तसाच तो तपासायचा, त्याला धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोन हव्यात आणि त्या एकमेकींवर अवलंबून नकोत, आणि इंजिन सुरू झाल्यावर त्या कॅमेऱ्याशी तुमचा काही संबंध राहता कामा नये. हे तीन जमत नसेल तर कॅमेरा आत काचेला लावा, तिथूनही छान व्हिडिओ येतो.

आधी विचारा

विमान भाड्याचं किंवा क्लबचं असेल तर मालकाला विचारल्याशिवाय बाहेर काहीही लावायचं नाही. नुसतं तोंडी हो नको, मेसेज किंवा ईमेल घ्या. इन्शुरन्सचंही विचारा, कारण उद्या कॅमेरा सुटून कोणाच्या गाडीवर पडला तर पहिला प्रश्न हाच येणार की हे लावायला परवानगी कोणी दिली होती.

मग मेकॅनिक. अमेरिकेत विमानाला कायमचं काही जोडलं, भोक पाडलं, पॅनेल बदललं की तो सरळ बदल धरला जातो आणि त्याला कागदपत्रं लागतात. फ्लाइटपुरता लावून काढून टाकायचा क्लॅम्प हा वेगळा प्रकार आहे, पण तो लावून विमान उडायला योग्य आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी शेवटी पायलट इन कमांडचीच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ए अँड पी मेकॅनिकला, म्हणजे विमान दुरुस्तीचं लायसन्स असलेल्या माणसाला, माउंट हातात देऊन, कुठे लावणार ते विमानाजवळ उभं राहून दाखवून मगच पुढे जा. दहा मिनिटांचं काम आहे आणि तो माणूस असं काहीतरी बघतो जे आपल्या डोळ्याला दिसत नाही, उदाहरणार्थ क्लॅम्पची कड रंगावर कुठे घासणार आहे. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, ९१.१५ हा नियमही वाचून ठेवा. लोकांना किंवा मालमत्तेला धोका होईल असं काही विमानातून खाली पडू द्यायचं नाही, असं तो सांगतो. आणि प्रायव्हेट पायलट लायसन्सवर कोणाकडून पैसे घेऊन शूटिंगची फ्लाइट करता येत नाही, स्वतःच्या आनंदासाठी करा, त्यात काही अडचण नाही. ब्रिटनमध्ये असाल तर तिथल्या सीएएने, म्हणजे विमान वाहतूक प्राधिकरणाने, विमानावर कॅमेरे लावण्याबद्दल खास मार्गदर्शन काढलंय, कॅप १३६९ नावाचं, ते वाचा, भाषा सोपी आहे.

भारतात मात्र हे असं करायचं नाही. बारामती, धुळे, गोंदिया इथे ट्रेनिंग घेणाऱ्यांनी अमेरिकेतला व्हिडिओ बघून लगेच माउंट मागवू नये. १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समधला १३ वा नियम उडत्या विमानातून आणि सरकारी विमानतळावर फोटो काढण्याबद्दल आहे, त्याला लेखी परवानगी लागते. शिवाय आपल्याकडचे कितीतरी विमानतळ लष्कराचे आहेत, पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं, तिथलं चित्रण हा फार नाजूक विषय आहे. वर विमानाला बाहेरून काही जोडायचं तर मंजुरीचा प्रश्न वेगळाच. फ्लाइंग स्कूलच्या सीएफआयला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, विचारा आणि ते नाही म्हणाले तर नाही.

जागा कुठली

उजवा पंख. १७२ च्या डाव्या पंखावर नाजूक गोष्टींची गर्दी आहे. पंखाखाली पिटो ट्यूब आहे, तिच्यावरून तुमचा एअरस्पीड येतो. पंखाच्या पुढच्या कडेला स्टॉल वॉर्निंगचं भोक आहे, वेग फार कमी होऊन पंखाची उचल जायला आली की हॉर्न वाजवणारं. आणि स्ट्रटच्या मागे, पंखाखाली, पेट्रोलच्या टाकीचा व्हेंट आहे, छोटी नळी असते, पटकन लक्षातही येत नाही. कॅमेऱ्याने यातल्या कशाच्याही समोरची हवा ढवळली तर एअरस्पीड चुकीचा येणं, हॉर्न उशिरा वाजणं, टाकीत हवेचा दाब नीट न राहणं असं काहीही होऊ शकतं आणि ते जमिनीवर कळणार नाही, वर गेल्यावरच कळेल. उजवीकडे यातलं काही नाही, आणि डाव्या सीटवर बसलेला पायलट उजव्या पंखावरून तिरका छान दिसतो.

उजव्या पंखावर टायडाउन रिंग, म्हणजे विमान पार्क करताना दोर बांधतो ती कडी. ती पंखाखाली, स्ट्रटचं वरचं टोक पंखाला मिळतं तिथे असते. वादळी वाऱ्यात अख्खं विमान धरून ठेवायला बनवलेली वस्तू आहे ती, त्यामुळे कॅमेऱ्याचं वजन आणि वाऱ्याचा जोर तिला काहीच नाही. बरेच जण स्ट्रटच्या मध्यावर क्लॅम्प लावतात कारण तिथे हात सहज पोचतो. मला ते आवडत नाही. १७२ ची आडवी शेपूट सुमारे साडेअकरा फूट रुंद आहे, स्ट्रटच्या मध्यावरून सुटलेली वस्तू थेट त्याच रेषेत मागे जाते. रिंग त्या रेषेच्या बाहेर आहे. शिवाय स्ट्रट गोल पाइप नसतो, हवेला कापेल असा लांबट आकार असतो, गोल पाइपसाठी बनवलेला सायकलचा क्लॅम्प त्याच्यावर दोनच ठिकाणी टेकतो आणि थरथरीने सरकत जातो. स्ट्रटवरच लावायचं असेल तर त्या आकाराचा खास क्लॅम्प घ्या, आतून रबर असलेला, आणि दार पूर्ण उघडतंय ना, फ्लॅप पूर्ण खाली आल्यावर अडकत नाही ना, दोन्ही तपासा.

एलेरॉन, फ्लॅप, एलेव्हेटर, रडर, ट्रिम टॅब, हलणाऱ्या कशावरही काहीही लावायचं नाही, शंभर ग्रॅमही नाही. त्यांचं वजन मोजून संतुलित केलेलं असतं, ते बिघडलं तर वेगात फ्लटर, म्हणजे वाढत जाणारी जोराची फडफड, सुरू होऊ शकतो आणि फ्लटरने काही सेकंदांत तो भाग तुटू शकतो. पंखाच्या वरच्या बाजूला नको, पुढच्या कडेवर नको, नॅव्हिगेशन लाइट झाकला जाईल तिथे नको. मॅग्नेटवाले माउंट तर आणूच नका, विमानाची कातडी ॲल्युमिनियमची आहे, चिकटणार नाहीत, आणि जी१००० वाल्या म्हणजे डिजिटल पडद्यांच्या विमानात पंखात दिशा मोजणारा मॅग्नेटोमीटर असतो, त्याच्या आसपास चुंबक म्हणजे हेडिंगची वाट.

सक्शन कप? आतल्या काचेला लावायला उत्तम. बाहेर एकट्याच्या भरवशावर अजिबात नको. सक्शन कप बाहेरच्या हवेच्या दाबाने चिकटून राहतो आणि जसं वर जाल तसा तो दाब कमी होतो, ८००० फुटांवर समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण पाऊणच उरतो. त्यात धूळ, मेण लावलेला रंग, रिवेटचं डोकं, ऊन, थंडी. सकाळी हँगरात घट्ट बसलेला कप दुपारी तितकाच घट्ट असेल याची काही खात्री नाही.

वारा किती जोर लावतो

गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की जो दाब लागतो तोच हा, फक्त वेग वाढला की तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० नॉटला जेवढा होता त्याच्या चौपट १२० ला. एक साधा हिशोब देतो. कॅमेरा आणि त्याचा माउंट मिळून वाऱ्यासमोर ५० चौरस सेंटिमीटर धरा, समुद्रसपाटीची हवा धरा. ६० नॉटला मागे ओढणारा जोर साधारण ३३० ग्रॅम येतो. १२० नॉटला १.३ किलो. १७२एस ची लाल रेघ, म्हणजे कधीही न ओलांडायचा वेग, १६३ नॉटला आहे, तिथे २.४ किलो. कॅमेऱ्याचं स्वतःचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाऱ्याचा जोर वजनाच्या कितीतरी पट आहे, आणि तो स्थिर नसतो, झटके देत येतो.

यातून एक फायद्याची गोष्ट निघते. गोप्रोसारख्या कॅमेऱ्याचा चेहरा साधारण सात बाय पाच सेंटिमीटर, जाडी तीन-साडेतीन. लेन्स पुढे केली तर रुंद चेहरा वाऱ्याला भिडतो. लेन्स आत, केबिनकडे वळवली की अरुंद बाजू वाऱ्यात येते आणि जोर जवळजवळ निम्मा होतो. आणि गंमत म्हणजे सुंदर शॉटही तोच, आत बघणारा. नुसतं पुढे बघणाऱ्या कॅमेऱ्यात विमान फारसं दिसतच नाही. शिवाय किडे लेन्सवर आपटत नाहीत, उन्हाळ्यात हा मुद्दा छोटा नाही.

सामान

टायडाउन रिंगवर बसणारा धातूचा क्लॅम्प लागेल, दोन ॲल्युमिनियमच्या प्लेट, मधून बोल्ट, रिंगला दोन्ही बाजूंनी आवळणारा. विमानासाठी म्हणूनच विकले जातात तेच घ्या. क्लॅम्प आणि कॅमेरा यांच्या मधला तुकडा, ती तीन बोटांची बिजागरी, प्लास्टिकची नको. कॅमेऱ्यासोबत जी फुकट येते ती हेल्मेटसाठी ठीक आहे. ॲल्युमिनियमची घ्या आणि हाताने पिळायच्या स्क्रूऐवजी षट्कोनी डोक्याचा स्टीलचा बोल्ट आणि नायलॉक नट वापरा. नायलॉक म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला नट, थरथरीने सैल होत नाही. तो पुन्हा पुन्हा काढघाल केला की त्याची पकड जाते, स्वस्त वस्तू आहे, बदलत राहा. कॅमेरा उघडा लावू नका, कडक केसमध्ये किंवा धातूच्या पिंजऱ्यात ठेवा, कारण काही मॉडेलच्या खालच्या घडीच्या बोटांवर सगळा भार यावा हे मला पटत नाही.

मग टेदर, म्हणजे माउंट तुटला तरी कॅमेरा धरून ठेवणारी वायर. हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष यावरच करतात. दीड मिलिमीटर जाडीची स्टीलची वायर, दोन्ही टोकांना दाबून पक्के केलेले लूप. मासेमारीचा दोरा नको, नायलॉनची सुतळी नको, चिकटपट्टीने लावलेली दोरी तर नकोच. एक टोक कॅमेऱ्याच्या पिंजऱ्याला, दुसरं टोक थेट विमानाच्या रिंगला. क्लॅम्पला नाही. कित्येक जण टेदर क्लॅम्पलाच बांधतात, मग क्लॅम्प सुटला की टेदरसकट सगळं गेलं, दोन आधार आहेत असं वाटत होतं ते मुळात एकच होता. क्लॅम्पलाही वेगळी छोटी वायर असावी. आणि टेदर आखूड, इतका आखूड की माउंट तुटला तरी कॅमेरा काही इंचच लोंबेल. लांब ठेवलात तर लटकता कॅमेरा पंखाच्या कातडीवर हातोड्यासारखा बडवत राहील किंवा फ्लॅपपर्यंत पोचेल.

बसवताना

पहिल्यांदा लावायचं ते वेळ काढून, त्या दिवशी उडायचं नाही असं ठरवून लावा. घाईत हे काम करू नये. रिंग आणि आजूबाजूची जागा ओल्या फडक्याने पुसा, ग्रीस असेल तर काढा. क्लॅम्प बसवा, धातूला धातू लागतोय तिथे पातळ रबराची पट्टी घाला, पण जाड, मऊ रबर नको. थरथर शोषून घेईल म्हणून जाड रबर घालायचा मोह होतो, प्रत्यक्षात कॅमेरा जास्त हलतो आणि चित्र जेलीसारखं लडबडतं. माउंट जितका ताठ आणि आखूड तितकं चित्र चांगलं, लांब दांडा कधीच नको.

बोल्ट आळीपाळीने आवळा, एक पूर्ण मग दुसरा असं नाही. सगळं आवळून झालं की प्रत्येक नटावरून बोल्टावर आणि पुढे प्लेटवर अशी एक सलग रेघ ओढा. मेकॅनिक यासाठी खास रंग वापरतात, लाल नेलपॉलिशनेही काम होतं. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. पुढे प्रत्येक प्रीफ्लाइटला ती रेघ बघायची.

मग एक माणूस आत बसवून फ्लॅप पूर्ण खाली, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. तुम्ही बाहेर कॅमेऱ्याजवळ. टेदर ताणून सगळ्या दिशांना नेऊन बघा, हलणाऱ्या कशालाही तो शिवता कामा नये. उजवं दार उघडून बंद करा. टाकीखालून पेट्रोलचा नमुना काढायला हात जातोय ना तेही बघा, माउंट मध्ये येतो म्हणून नमुना काढायचा राहिला असं व्हायला नको.

खेचून बघायला आपल्या घरात एक नामी साधन असतं, भारतात जाताना बॅगा मोजायचा काटा. त्याचा हुक कॅमेऱ्याच्या पिंजऱ्यात अडकवा आणि शेपटीच्या दिशेने सरळ ओढा, दहा किलोपर्यंत. वर काढलेला लाल रेघेचा जोर २.४ किलो होता, त्याच्या चौपट झाला. मग थोडं खाली, थोडं बाजूला ओढा. कॅमेऱ्याचा कोन बदलला किंवा रेघ तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. कोन बदलत असेल तर नुसतं जास्त आवळू नका, बिजागरीच्या दातांमध्ये काय कमी पडतंय ते शोधा.

कॅमेऱ्याची सेटिंग

इथे मेहनत केली तर पुढे एडिटिंगला त्रास नाही. पहिला प्रश्न प्रोपेलरचा. सगळ्यांनी बघितलंय, व्हिडिओत प्रोपेलर केळ्यासारखा वाकडा दिसतो, तुकडे तरंगताना दिसतात. कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं. भर उन्हात शटर १/२००० किंवा त्याहूनही वेगात जातं, मग प्रत्येक ओळीत पातं स्पष्ट पण वेगळ्या जागी येतं. उपाय म्हणजे शटर हळू करायचं. २४०० आरपीएमला प्रोपेलर सेकंदाला ४० फेऱ्या मारतो, पाती दोन, म्हणजे १/८० सेकंदात प्रत्येक पातं अर्धा फेरा करतं आणि दोघं मिळून पूर्ण चकती भरते. म्हणून १/८० किंवा त्याहून हळू, १/६० ठेवलं की प्रोपेलर पारदर्शक चकतीसारखा दिसतो, डोळ्याला दिसतो तसाच.

पण उन्हात १/६० ठेवलं तर चित्र पांढरंफटक होणार, म्हणून एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सला गॉगल. आयएसओ १०० ला, भर उन्हात, एनडी ३२ ने शटर साधारण १/१०० च्या आसपास येतं, एनडी ६४ ने १/६० पर्यंत. ढगाळ असेल तर ८ किंवा १६. संध्याकाळी काढून टाका. आणि हा फिल्टर नुसता टिचकीने बसणारा असेल तर बाहेर वापरू नका, उडून जातो. फिरवून लॉक होणारा घ्या, किंवा केसच्या आत बसेल असा.

बाकी सेटिंग: ४के, ३० फ्रेम, लीनियर लेन्स म्हणजे पंख वाकडा दिसत नाही, आयएसओ १०० ते ४०० मध्ये बांधून टाका, व्हाइट बॅलन्स ५५०० वर कायम करा नाहीतर वळताना आकाश-जमीन बदलली की रंग बदलत राहतात. स्टॅबिलायझेशन बंद. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण कॅमेरा क्षितिज स्थिर ठेवायला बघतो आणि तो स्वतः विमानाला जखडलेला आहे, त्यामुळे क्षितिज शांत आणि विमान चौकटीत हलतंय, धक्के खातंय असं उलटं चित्र येतं. वाय-फाय बंद. व्हॉइस कंट्रोल बंद, वाऱ्याच्या आवाजाला काही भरवसा नाही. टचस्क्रीन लॉक. आपोआप बंद होणं बंद. रेकॉर्डिंगचा लाल दिवा मात्र चालू ठेवा आणि तो केबिनमधून दिसेल असा कॅमेरा फिरवा, टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेताना, एक नजर टाकली की कळतं.

कार्ड व्ही३० दर्जाचं, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं. १०० मेगाबिटने तासाला ४५ जीबी होतात, १२८ चं कार्ड पुरेसं आहे. आधी बॅटरी संपते, ४के ला तास-सव्वा तास धरा. थंडीत कमी. वर जाताना दर हजार फुटांना साधारण दोन डिग्री तापमान उतरतं, न्यू जर्सीच्या जानेवारीत जमिनीवरच शून्य असेल तर ६५०० फुटांवर उणे १३, वर जोराचा वारा. उन्हाळ्यात उलटं, रॅम्पवर उभ्या विमानाखाली कॅमेरा तापून बंद पडतो, हवेत गेला की गार राहतो, म्हणून फार आधी सुरू करून ठेवू नका.

पहिली फ्लाइट

एकटे किंवा दुसऱ्या पायलटला घेऊन, शांत हवेत, आपल्याच विमानतळावर. प्रवासी नको. इंजिन सुरू करण्याआधी रेकॉर्डिंग सुरू, आणि ते थेट इंजिन बंद झाल्यावर थांबवायचं. मध्ये काही झालं, दिवा विझला, बॅटरी संपली, कोन बिघडला, तर व्हिडिओ गेला, पुढच्या वेळी. खिडकी उघडून हात बाहेर काढणं, रिमोटशी किंवा फोनच्या ॲपशी खेळणं, काही नाही. ३१ मे २०१४ ला कोलोरॅडोत वॉटकिन्सजवळ रात्री एक सेसना १५० पडलं, दोघं गेले. अवशेषांजवळ मिळालेल्या गोप्रोवर आधीच्या फ्लाइटचं चित्रण होतं, त्यात पायलट आणि प्रवासी उडताना सेल्फी काढताना दिसत होते. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने निष्कर्षात लिहिलं की अपघाताच्या वेळीही फोनमुळे पायलटचं लक्ष विचलित झालं असण्याची शक्यता आहे. म्हणून दुसरा पायलट सोबत असेल तर टॅक्सीच्या वेळीच त्याला सांगून ठेवा, की कॅमेऱ्याबद्दल हवेत बोलायचं नाही.

रनअपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन तपासताना, जास्त आरपीएमवर कॅमेऱ्याकडे बघा, सगळ्यात जास्त थरथर तिथे दिसते. मग विमानतळाभोवती एकच सर्किट, उतरा, इंजिन बंद करा, जाऊन रेघा बघा, टेदर बघा, हाताने हलवून बघा. ठीक असेल तर पुन्हा वर, या वेळी क्रूझपर्यंत, पण १२० नॉटच्या वर नाही, डाइव्ह नाही, तीव्र वळणं नाहीत. एअरस्पीड नेहमीसारखा आहे का, विमान एका बाजूला ओढतंय का, रडर पेडलमधून काही नवीन थरथर येतेय का, हे बघा. काही वेगळं वाटलं तर वेग कमी करा, ७०-७५ नॉटपर्यंत, जोर लगेच निम्म्याच्याही खाली येतो, वळणं हलकी घ्या, वस्ती टाळा आणि जवळच्या विमानतळावर उतरा. सुटलेला कॅमेरा जमिनीवर पोचतो तेव्हा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगात असतो, खाली कोणाचं तरी घर आहे, कोणाची तरी शाळा आहे.

हडसनवर दिशा कुठली

इथल्या प्रत्येकाला हडसन नदीवरचा व्हिडिओ हवा असतो, बरोबरच आहे, त्यासारखं दृश्य दुसरं नाही. पण त्याआधी कॅमेऱ्याच्या मागे काय येणार ते नकाशावर बघा. नदीवर नियम असा की उत्तरेकडे जाणाऱ्याने पूर्व किनारा धरायचा, दक्षिणेकडे जाणाऱ्याने पश्चिम किनारा, वेग १४० नॉटच्या आत, लाइट चालू. आता तुमचा कॅमेरा उजव्या पंखावर आहे आणि आत, डावीकडे बघतोय. उत्तरेकडे गेलात तर मॅनहॅटन तुमच्या उजवीकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागे, आणि विमानामागे दिसणार न्यू जर्सी. दक्षिणेकडे गेलात की मॅनहॅटन डावीकडे येतं, म्हणजे पुढे विमान, प्रोपेलर, केबिन आणि त्यामागे अख्खं शहर. दुपारनंतर गेलात तर ऊन पश्चिमेकडून, कॅमेऱ्याच्या पाठीमागून येतं आणि इमारती उजळून निघतात. न्यू जर्सीतल्या काल्डवेल विमानतळाहून निघून उत्तरेकडच्या अल्पाइन टॉवरकडून दक्षिणेला उतरत जाणं यासाठी सोयीचं आहे. पण हा कॉरिडॉर गर्दीचा, हेलिकॉप्टरांनी भरलेला, प्रत्येक टप्प्यावर रेडिओवर आपली जागा सांगावी लागते. माउंट दुसऱ्या शांत ठिकाणी पूर्ण तपासून झाल्यावरच तिथे जा.

आवाज

पंखाखालच्या कॅमेऱ्याचा आवाज निव्वळ वारा, फेकून द्या. केबिनमध्ये छोटा रेकॉर्डर ठेवा, हेडसेटच्या वायरीला जोडणारा ॲडॉप्टर मिळतो, त्यातून तुमचं बोलणं आणि एटीसी म्हणजे नियंत्रण कक्षाचं बोलणं दोन्ही स्वच्छ येतं. दोन्ही जुळवायला फ्लॅपचा उपयोग करा. इंजिन सुरू करण्याआधी इंटरकॉमवर "फ्लॅप दहा" म्हणा आणि त्याच क्षणी लिव्हर हलवा, व्हिडिओत फ्लॅप उतरायला लागलेला दिसतो, तिथे आवाज जुळवला की पुढे सगळं आपोआप बसतं. लांब फ्लाइटला शेवटी थोडा फरक पडतो, उतरताना चाक टेकण्याच्या आवाजावर पुन्हा जुळवून घ्या.

उतरल्यावर

माउंट विमानावर ठेवून घरी जायचं नाही, पुढचा पायलट दुसरा असेल आणि त्याला त्यातलं काही माहीत नसेल. काढा, रिंग पुसा, रंगावर ओरखडा आहे का बघा, असेल तर क्लबला त्याच दिवशी सांगा. वायरच्या लूपवर बोट फिरवा, एखादी तार तुटून टोचत असेल तर ती वायर फेकून द्या. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बोटांच्या मुळाशी केसासारखी भेग दिसते का ते उजेडात धरून बघा, थरथरीने तिथेच पहिली भेग येते. ठरावीक फ्लाइट झाल्या की बोल्ट आणि नट सरळ बदलून टाका, जुने हँगरातल्या डब्यात परत टाकू नका, म्हणजे कोणी चुकून दुसरीकडे वापरणार नाही.